लांब केलेली जीप

नसरापूरच्या फाट्यावर माझं गॅरेज होतं असं सांगितलं, की लोकांच्या डोळ्यांपुढं शटर, रंगवलेली पाटी असलं काहीतरी येतं. तसलं काही नव्हतं. चार खांब, वर पत्रा आणि जमिनीत खणलेला एक खड्डा. खड्ड्यात मी, माझ्या डोक्यावर गाडी. उमेदीची सगळी वर्षं मी गाड्यांची पोटं बघितली, तोंडं फार कमी. अजूनही रस्त्याकडेला गाडी उभी दिसली की मी आधी वाकून खालून बघतो, आणि सूनबाई म्हणतात, "मामा, चला, लोक बघतायत."

दिवाळी अंकवाल्यांनी "गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा" म्हणून सांगितलंय. गमती होत्याच, एकदोन सांगतोही. पण माझ्या डोक्यात जी गाडी ठाण मांडून बसलीय ती गमतीची नाही. सणासुदीला तोंड कडू झालं तर बोल मला लावू नये, ज्यांनी लिहायला सांगितलं त्यांना लावावा.

आधी धंदा समजून घ्या. मी म्हणतोय तो काळ एकोणीसशे सत्तरच्या आगेमागेचा. मोटार खात्याचे इन्स्पेक्टर अधूनमधून भोरला येत आणि मैदानावर कॅम्प भरे. त्या दिवशी मालवाहू गाड्या, टॅक्सी, जिच्यावर बोट ठेवलं असेल ती जीप, सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं. कंपनीनं गाडी जशी बनवली आणि गाडीच्या पुस्तकात जशी लिहिली, तशीच ती आहे का, ब्रेक लागतात का, दिवे पेटतात का, हे साहेब बघणार. असेल तर पास. याला पासिंग म्हणतात. आता कंपनीनं गाडी बनवली ती कुठल्यातरी सपाट रस्त्यासाठी. वेल्ह्याकडचे चढ आणि भोरकडची वळणं त्यांनी बघितली नव्हती. त्यामुळं आमच्याकडं येणारी प्रत्येक गाडी महिन्याभरात बदलायची. स्प्रिंगांना जादा पाटे बसायचे, हौद्याच्या फळ्या उंच व्हायच्या, सायलेन्सर कापला की गाडी जोर धरते असं कुणीतरी सांगितलेलं असायचं, मग तोही जायचा. कॅम्प जवळ आला की हे सगळं उतरवून गाडीला तिचं मूळ रूप द्यायचं, आणि पास होऊन आली की संध्याकाळच्या आत पुन्हा होतं तसं करून द्यायचं. माझी भाकरी बऱ्यापैकी यावर चालायची.

यासाठी माझ्या खांबांना पासिंगचं सामान टांगलेलं असे. एक सायलेन्सर, दिव्यांची जोडी, साधा भोंगा, आरसा, असलं किरकोळ. ज्याची पाळी त्याच्या गाडीला ते चढायचं आणि परत खांबाला यायचं. गावात एकच कोट असतो आणि सगळे नवरदेव तोच घालून बोहल्यावर चढतात, तसा प्रकार. सायलेन्सरला एका बाजूनं पोचा होता. एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी एका ट्रकखाली वाकून त्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काय रे बाबा, परत भेटलास?" ट्रकवाल्याला घाम फुटला. साहेबांनी पास करून टाकला. माणूस कडक होता, पण कोत्या मनाचा नव्हता. हे लक्षात ठेवा.

दुसरा एक होता, ट्रकवालाच, त्याला तीन सुरांचा भोंगा लावायची हौस. पासिंगसाठी भोंगा काढला की हा माझ्या दारात सुतक आल्यासारखा बसून राही. जेवायचा नाही. "मिस्त्री, पोरगी सासरी धाडल्यावाणी वाटतंय," म्हणायचा. मी म्हणायचो, "संध्याकाळी माहेरी आणतो, चहा घे." चहा घ्यायचा, पण समोरच्या हॉटेलातला. आमच्या घरी बुद्धवंदना होते हे साऱ्या फाट्याला माहीत होतं. गाडीला माझ्या हाताचं वंगण चालायचं, मालकाला माझ्या माठातलं पाणी चालायचं नाही. तेव्हा राग यायचा. आता त्या माणसांची नावंही आठवत नाहीत, राग मात्र थोडा शिल्लक आहे.

वेल्ह्याच्या पलीकडच्या पासली गावचे गेनूअण्णा पहिल्यांदा आले ते सरळ माठाकडं गेले, तांब्याभर पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि मग म्हणाले, "मिस्त्री कोन हाय हितं?" फौजेत ड्रायव्हर म्हणून नोकरी करून गावी परतलेले, उंच, ताठ, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावणारे. लष्करानं मोडीत काढलेली एक जुनी जीप त्यांनी लिलावात घेतली होती. घरी भातशेती, पाठचा भाऊ किसन आणि त्याचं कुटुंब. अण्णांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. किसनलाच त्यांनी पोरासारखा वाढवलेला.

"हिला मागनं लांब करायची," म्हणाले.

"किती लांब?"

"बाज मावंल येवढी."

मला कळेना. जीपमध्ये बाज कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. पासलीकडचा आजारी माणूस वेल्ह्याला, नाहीतर पुण्याला न्यायचा तर डोलीत घालून माणसांच्या खांद्यावर, किंवा मिळेल त्या गाडीत कोंबून. "फौजंत जखमी मानूस आडवा नेत्यात, मिस्त्री. आमच्याकडं बसवून नेत्यात. आरं, बसण्याजोगता असता तर चालत नसता का आला?"

ते काम मी आनंदानं केलं, आणि इतकं मन लावून दुसरं कुठलं केल्याचं मला आठवत नाही. गाडीचा सांगाडा, ज्याला आम्ही चासी म्हणतो, तो मागून कापला, हातदीड हात लोखंडी पट्टी घालून जोडला, वरून पत्रा चढवला. मागचं फळकं काढलं. बाजेचे पाय अडकतील अशा खोबणी केल्या, म्हणजे वळणावर बाज सरकायला नको. मग ओझ्यानं जीप चढाला दम टाकू लागली. तिचं पेट्रोल इंजिन म्हातारं झालं होतं. एका मोडलेल्या टॅक्सीचं डिझेल इंजिन मिळवलं आणि ते बसवलं. आवाज गिरणीसारखा, पण भरल्या गाडीनिशी चढ न थांबता चढायची. पहिल्यांदा वर गेली तेव्हा अण्णांनी मला शेजारी बसवलं होतं. मागं रिकामी बाज. वेल्ह्याच्या पुढं गेल्यावर रस्त्यात लोक थांबून बघत होते आणि मी उगाचच छाती काढून बसलो होतो.

चारपाच वर्षं त्या जीपनं त्या भागाचं दुखणंखुपणं वाहिलं. अडलेली बाई, साप चावलेला गडी, कुणाचा ताप डोक्यात गेलेला. फाट्यावरून बाज घातलेली जीप गेली की मी हातातला पाना खाली ठेवून बघायचो. परत येताना अण्णा थांबायचे आणि म्हणायचे, "वाचला," किंवा काहीच न म्हणता पाणी पिऊन जायचे.

आणि मग एके दिवशी मार्गासनीच्या अलीकडं इन्स्पेक्टरसाहेबांची गाडी त्या जीपच्या मागं आली. पुढं गेनूअण्णा, मध्ये लांबलचक शेपूट, मागं साहेब. साहेबांनी गाडी थांबवली, पुस्तक बघितलं, बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर बघितला. पुस्तकात पेट्रोल, गाडीत डिझेल. पुस्तकात जेवढी लांबी, त्यापेक्षा गाडी केवढी तरी मोठी. नोटीस हातात पडली. पुढच्या कॅम्पला गाडी मूळ रूपात आणून दाखवा, नाहीतर जप्त.

माझ्याकडं आले तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "अण्णा, हातपाय गाळू नका. एका दिवसाचा खेळ आहे. दाखवायची आणि परत करायची." पण हे टांगलेल्या सायलेन्सरवर भागणारं नव्हतं. इंजिनावर नंबर ठोकलेला असतो, तो पुस्तकाशी जुळायला पाहिजे, म्हणजे तेच जुनं इंजिन हवं. आणि त्या जीपचे मूळ अवयव एव्हाना सगळ्या खोऱ्यात संसाराला लागले होते.

पेट्रोल इंजिन वरवे बुद्रुकला अण्णांच्या एका भावकीतल्याच्या विहिरीवर पाणी उपसत होतं. आम्ही गेलो तर तो पाटात उभा. म्हणाला, "न्या की, पर कांद्याला येक पानी पाजू द्या." आम्ही बांधावर बसलो आणि कांद्याचं पाणी होईपर्यंत आपल्याच इंजिनाची फटफट ऐकली. मागचं फळकं पासलीत अण्णांच्याच कोंबड्यांच्या खुराड्याला दार झालं होतं, त्यावर विष्ठेचा थर. पुढची एक सीट मार्गासनीच्या चहावाल्यानं गल्ल्यामागं मांडली होती. तो उठून उभा राहिला, सीट स्वतः पुसली आणि म्हणाला, "आमची म्हातारी ह्याच गाडीतनं गेलती. घिऊन जावा, अण्णा." आमच्या भागातली माणसं वस्तू सहजासहजी परत देत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो. त्या वेळी कुणी नाही म्हणालं नाही.

मग कापायला बसलो. आपणच घातलेला जोड आपणच तोडायचा, असलं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. जोड मी इतका पक्का घातला होता की करवतीची पाती मोडली. मोडली की मला बरं वाटायचं, आणि पुन्हा नवं पातं लावायचो. मधला तुकडा काढून चासी मूळ मापावर आणली, जुनी भोकं जुळवली, रिबिटा ठोकल्या. डिझेल इंजिन साखळीनं उचलून बाजूला टांगून ठेवलं. खाली उतरवलंच नाही, म्हटलं परत चढवायचंच आहे. संध्याकाळी जीप समोर उभी राहिली तेव्हा लहान आणि केविलवाणी वाटत होती, शेपूट तोडलेल्या कुत्र्यासारखी.

कॅम्पला मी बरोबर गेलो. साहेबांनी नंबर ताडून पाहिला, स्वतः चालवून ब्रेक दाबला, खाली वाकले. "पास," म्हणाले. मग जाता जाता थांबले. "पण काय हो, तुम्ही ती लांब का केली होती? माल वाहायला?"

अण्णांनी सांगितलं. बाज, डोली, सगळं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "काम चांगलं आहे. मग कायद्यानं करा ना. पुण्याच्या ऑफिसला अर्ज करा, नकाशा जोडा. मंजुरी आली की खुशाल लांब करा. पण मंजुरी येईपर्यंत गाडी अशीच ठेवायची. शब्द द्या मला."

गेनूअण्णांच्या टाचा जुळल्या. "दिला, साहेब."

त्या दिवशी पास झालेल्या गाड्या नेहमीप्रमाणं माझ्या पत्र्याखाली रांगेनं लागल्या. कुणाचे पाटे, कुणाच्या फळ्या. तीन सुरांचा भोंगा माहेरी आला आणि त्यानं सगळा फाटा डोक्यावर घेतला. गेनूअण्णांची जीप मात्र न थांबता समोरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. मला वाटलं, उद्या येतील.

आले ते आठवड्यानं, ऑइल न्यायला. मी टांगलेल्या इंजिनाकडं बोट दाखवलं. "कधी चढवायचं?"

"मंजुरी आल्यावं. मास्तरांकडनं नकाशा काढून अर्ज धाडलाय."

"अण्णा, अहो, सगळेच परत बदलतात. साहेबांनाही ठाऊक आहे."

"सगळ्यांनी शबुद न्हाई दिला. म्या दिलाय."

यावर मी काय बोलणार? बोललो, नाही असं नाही. चिडून बोललो. मंजुरी कसली येतेय, पुण्याच्या ऑफिसात तुमचा कागद कुणाच्या बुडाखाली आहे ते देवालाही कळायचं नाही, म्हणालो. देव मी मानत नाही, पण रागात तोंडी येतो. अण्णा हसले. "येईल की. सायेब सोता बोलल्यात." पावसाळा तसाच गेला. आजाऱ्यांना पुन्हा बसवून न्यायला लागले, काहींनी पुन्हा डोली काढली. अण्णा प्रत्येक खेपेला पुण्याच्या ऑफिसात डोकावून यायचे. तिथं सांगायचे, विचाराधीन आहे. हा शब्द त्यांना फार आवडला होता. मला दोनदा ऐकवला, "इचाराधीन हाय म्हनं."

हिरड्याचा हंगाम आला. वेल्ह्याकडच्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत, गडी वर चढून फांद्या झोडपतात, बायका खाली फळं वेचतात. एके दुपारी मी खड्ड्यात होतो आणि वर ब्रेकचा आवाज झाला. बाहेर आलो तर पासलीची जीप. बॉनेटमधून वाफ निघत होती, म्हातारं इंजिन तापलं होतं. अण्णा म्हणाले, "पानी," आणि त्यांच्या आवाजावरून मी मागं बघितलं.

मागच्या तेवढ्याशा जागेत किसन बसलेला होता. बसलेला म्हणजे बसवलेला. त्याच्या बायकोनं मागून काखेत हात घालून धरला होता, समोरून एका गड्यानं छातीशी रेटा दिला होता, आणि धोतराच्या पट्टीनं तो हौद्याच्या दांडीला बांधला होता. फांदी मोडून पाठीवर पडला होता. शुद्धीत होता.

"पाय हलंनात, मिस्त्री," तो मला म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. "सकाळी जरा हलत हुते. वेल्ह्याच्या पुढं यास्तवर कळत हुतं मला."

मी हमरस्त्यावर आडवा उभा राहून एक रिकामा ट्रक थांबवला. गॅरेजातली फळी आणली, आम्ही चौघांनी किसनला त्या फळीवर आडवा घेतला आणि ट्रकच्या हौद्यात ठेवला. तिथून पुढं पुण्यापर्यंत तो झोपून गेला. अण्णा त्याच्या डोक्याशी बसून होते. जीप माझ्या दारात राहिली, वाफ टाकत.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "याला इथपर्यंत असंच आडवं आणलंत ना?" अण्णांना खोटं बोलता येत नव्हतं. "न्हाई," म्हणाले, "निम्मी वाट बसवून." हे मला किसनच्या बायकोनं सांगितलं. ती असंही म्हणाली, "डोली केली असती तर आडवं तरी आणलं असतं. पर गाडी दारात उभी असताना डोली कोन करतंय, भाऊ?"

किसन वाचला. उठला मात्र नाही. कमरेखाली शरीर लाकूड झालं. कमावता, हिरड्याच्या शेंड्यापर्यंत जाणारा माणूस ओटीवर पडून राहिला आणि अण्णा त्याचं सगळं करू लागले, अंग पुसण्यापासून.

अण्णा जीप न्यायला आले तेव्हा मी त्यांच्या हातात किल्ली दिली नाही. "आज तोडतो आणि लांब करतो," म्हणालो, "गाडी माझ्या दारात आहे. तुम्ही बाहेर जाऊन बसा. केलंय ते मिस्त्रीनं, असं सांगा साहेबांना."

अण्णांचे डोळे कोरडे होते, नुसते लाल. "आनी किसन्याला काय सांगू?" म्हणाले. "त्याच्या येळंला शबुद पाळला आनी त्यो पडल्यावं मोडला? मग त्याचं पाय कशापायी गेलं?"

मी किल्ली दिली. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या कॅम्पला मी मुद्दाम गेलो. गाडी नव्हती, काम नव्हतं, साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. मनात ठरवून गेलो होतो की चार लोकांत सुनवायचं. त्यांनी ओळखलं. "काय मिस्त्री, ती पासलीची जीप? परत लांब केली असेल ना तुम्ही," आणि हसले.

मी सगळं सांगितलं. फांदी, धोतराची पट्टी, डॉक्टर. साहेबांच्या हातातली टोपी हातातच राहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, असं मी सगळ्यांनाच सांगतो. पाळतं का कुणी?"

सुनवायचं ठरवलेलं राहूनच गेलं. ते तिथंच टेबलाशी बसले आणि रांगेतल्या पुढच्या ट्रकवाल्याला बराच वेळ हाक मारेनात.

मंजुरी शेवटपर्यंत आली नाही. टांगलेलं डिझेल इंजिन मी पुढं एका चक्कीवाल्याला देऊन टाकलं. अण्णा अधूनमधून यायचे, पाणी प्यायचे, किसनचं कसं चाललंय ते सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुमी सायबांस्नी भेटला हुता म्हनं. काय म्हनले?"

मी म्हटलं, "फार वाईट वाटलं त्यांना."

अण्णांनी मान डोलावली. तांब्या पालथा घातला. "मानूस चांगला हाय," म्हणाले. "परत गाठ पडली तर सांगा त्यास्नी, गाडी आजून तशीच ठिवलीया म्हनून."